भाजलेल्या टाचेचं इन्स्पेक्शन

४ डिसेंबर
बनशंकरीत यंदा थंडी फार. दुपारी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलो. उठलो तर डावी टाच भाजलेली. सुलभाने दाखवली म्हणून कळलं. डॉक्टरकडे चला म्हणाली. पब्लिक सेक्टरमध्ये एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं, बायकोला एका टाचेपुरताही विश्वास नाही.

५ डिसेंबर, सकाळी ७
मोबाइलवर सगळं वाचलं. लाल होऊन दुखतं ती फर्स्ट डिग्री. फोड येऊन भयंकर दुखतं ती सेकंड. पुढचं वाचायची गरज नाही, हिशेब सरळ आहे. माझं दुखणं शून्य, म्हणजे झीरो डिग्री. टूथपेस्ट लावली.

६ डिसेंबर
टाच पांढरी दिसते. टूथपेस्टमुळे.

७ डिसेंबर
धुतली. तरी पांढरी. पेस्ट चांगल्या कंपनीची आहे.
सुलभाने वरच्या मजल्यावरच्या कावेरीला बोलावलंच. ही बेळगावची, हॉस्पिटलात बर्न्स वॉर्डची नर्स. स्वल्प बघू द्या म्हणाली. मी पायमोजा काढला नाही. दुखतं का, विचारलं. अजिबात नाही, असं अभिमानाने सांगितलं. तिचा चेहरा उतरला. शुगर किती वर्षं आहे, म्हणाली. पंधरा. पण शुगरचा टाचेशी काय संबंध? नर्सेसना घाबरवायची सवयच असते.

९ डिसेंबर
पायमोजा जखमेला चिकटला. थोडा वास येतो. सुलभा जेवली नाही, उगाच. उद्यापर्यंत सुकली नाही तर गंभीरपणे विचार करायचा.

१० डिसेंबर
सुकली नाही. विचार सुरू आहे.

११ डिसेंबर, हॉस्पिटल
सुलभा न विचारता ऑटो घेऊन आली. इथे कावेरीची ड्यूटी होती. तिने टाच साफ केली, दाबून पाहिली. म्हणाली, डोळे मिटा, सुईचं टोक लावते, कळलं की सांगा. दात आवळून बसलो. बराच वेळ गेला.
"कर सुरू, मी तयार आहे," मी म्हटलं.
"काका, चारदा टोचून झालं."
डोळे उघडले. सुलभा भिंतीकडे तोंड करून उभी होती. कावेरीने कागदावर थर्ड डिग्री लिहिलं. नसाच जळाल्या की दुखत नाही, म्हणाली. मग डॉक्टर आले, त्यांनीही खोडलं नाही. मांडीची त्वचा काढून टाचेला लावणार. पाय वाचेल बहुतेक, म्हणाले.
मांडी दुखेल का, मी विचारलं. खूप, कावेरी म्हणाली.
ते ऐकून इतकं बरं वाटलं की मला रडू आवरेना.