वाळूवरचा तपकिरी थर

३ फेब्रुवारी, मंगळवार
मी सातवीत होते तेव्हा बाबा एकदा म्हणाले होते, "पाण्याला घाई केली की मीठ काळं पडतं." मुर्ध्याच्या मिठागरात आयुष्य गेलं त्यांचं. आज ते आठवलं, कारण विलासच्या टाकीतली पांढरी वाळू तपकिरी झालीये. काचेवरही गंजासारखा थर. खाऱ्या पाण्याची टाकी, दोन केशरी मासे, जेमतेम महिना झालाय आणून.
डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिस्टरांच्या फुप्फुसात डाग दिसतोय, सुईने तुकडा काढून तपासू, उशीर नको. विलास म्हणतो, "टाकी सेट होऊ दे, मग जाऊ." एका दिवसाचं तर काम.
म्हणजे आता टाकी लवकर सेट व्हायला हवी.

६ फेब्रु., शुक्र.
काचेवरच्या थराचा फोटो घेऊन माशांच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "भाभी, नई टंकी में ये आता ही है. अपने आप जाएगा. बस फिल्टर का पानी डालो. टँकर का पानी मत डालना, वो इस काई का खाना है."
विलासला सगळं सांगितलं. पाणी उडून कमी होतं, रोज भर घालावी लागते. त्यासाठी किचनच्या फिल्टरचा कॅन भरून टाकीशेजारी ठेवला.

९ फेब्रु., सोम.
सकाळी काच पुसली, वाळू ढवळली. दुपारी परत तेच. शेजारच्या जिग्नाबेन वाटी परत द्यायला आल्या. "अरे भाभी, टंकी में चाय बनाई क्या?" विलासही हसला. हसता हसता खोकला.
हल्ली बाथरूमचा नळ सोडून खोकतो. मला ऐकू येऊ नये म्हणून.
पुन्हा तपासणीचा विषय काढला. "तुझे बाबाच म्हणायचे ना, पाण्याला घाई करू नये?" बाबांनी हे मिठाबद्दल सांगितलं होतं.

१३ फेब्रु., शुक्र.
संध्याकाळपर्यंत काच स्वच्छ! वाळूचा एक कोपरा पांढरा. विलासला न सांगता हॉस्पिटलला फोन केला. मंगळवार, सकाळी दहा.

१४ फेब्रु., शनि.
परत तपकिरी. परवा होती त्याहून जास्त.
बघताक्षणी काय वाटलं ते निदान इथे तरी खरं लिहावं. सुटले, असं वाटलं. मंगळवार टळला म्हणून. मीच फोन करते आणि मीच...

१५ फेब्रु., रवि.
नवघरच्या बाजारातून लवकर परतले. चावीने दार उघडलं. विलास टाकीपाशी उभा, हातात मग, पायाशी बाथरूमची निळी बादली. टँकरचं पाणी. कॅन शेजारी तसाच, काठोकाठ भरलेला.
"दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं होतं ना तुला?"
"हो."
"मग?"
त्याने मग बादलीत टाकला. "तुकडा काढला की त्याला नाव मिळेल गं. आत्ता नुसता डाग आहे."
ओरडायला हवं होतं. पिशवी खाली ठेवली आणि बादली उचलून बाथरूममध्ये ओतली. बाहेर आले तर तो माशांना खायला घालत होता, चिमटीने, अगदी मोजून. पाठ केवढी बारीक झालीये त्याची. कधी झाली? रोज समोर असून...

१६ फेब्रु., सोम.
आज काच पुसली नाही. त्यानेही पाणी घातलं नाही. दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो.
हॉस्पिटलची फाईल पिशवीत भरून ठेवलीये. पिशवी त्याला दिसेल अशी, चपलांच्या स्टँडवर. दोनदा तिच्यावरून नजर गेली त्याची.
संध्याकाळी चहा देताना विचारणार आहे. नाहीच म्हणेल, माहितीये. नळ सोडून बसेल, किंवा वाळूकडे बोट दाखवेल. तरी शब्द ठरवून ठेवते, ऐनवेळी सुचलं नाही तर: विलास, टाकी अशीच राहू दे, उद्या दहाला हॉस्पिटलला माझ्याबरोबर चल. मला भीती वाटते, एकटीला नाही झेपत. आत जायचं की नाही ते तिथे बाकावर बसून ठरव. पण तिथवर चल.