गडाच्या दारातलं गाऱ्हाणं

रेडी,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय ग्लेनिशा,

घरी सगळी बरी असतील. आईच्या गुडघ्याला आराम पडला का? नाताळच्या नेवऱ्या करायला एव्हाना बसला असाल. चाचणीचे पेपर तपासून झाले, इतिहासात वर्गात तूच पहिली आहेस. पुढच्या गडभेटीच्या यादीत मात्र तुझ्या नावावर काट दिसली, तुझ्याच पेनाची. वर्गात विचारलं असतं तर "काय नाय बाई" म्हणून तू मोकळी झाली असतीस. म्हणून लिहिते.

यशवंतगडाची भेट तुम्हा नववीच्या मुलांनीच ठरवली, माहितीही तुम्हीच काढलीत. मी फक्त सोबत यायचं होतं. पुढारी तू होतीस. जो पुढारी, त्यानेच दरवाजात गडाच्या राखणदार देवाला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, सांभाळून घे म्हणायचं, हेही तुमचंच ठरलेलं. गडाखाली राहणाऱ्या दाजींकडे महिनाभर जाऊन तू ते शिकलीस.

चपला काढून तू पुढे उभी राहिलीस आणि मी म्हटलं, "अक्षया, तू घाल."

"कित्याक, बाई?"

"उगाच कोणी काही बोलायला नको."

"कोण बोलतला?"

मी पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले.

कोणीच बोलणार नव्हतं. भीती माझी होती. वीस वर्षं इथे शिकवतेय, तरी "किरिस्तांव बाईने किरिस्तांव पोरीला पुढे केलं" असं कोणी म्हणेल म्हणून मी स्वतःला वाचवलं. अक्षया दोनदा अडखळली, शब्द तूच सांगितलेस. सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" पण म्हणालीस. मग तुझे कागद तिच्या हातात दिलेस. त्यानंतर तटावर कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

तेव्हापासून जेवते, चर्चमध्ये मिसाला जाते, वर्गावर जाते. रडू येईल असं वाटलं होतं, तेही येत नाही.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. तुम्ही सगळे तटाकडे पुढे गेल्यावर, मी दरवाजातच असताना, दाजी काठी टेकत वर आले. "बाईनू, ता चेडू खंय आसा? तेचा गाऱ्हाणा आयकूक इलंय मी."

मी म्हटलं, तिला ताप आहे, ती आलीच नाही.

परवा ते बाजारात भेटले. तुझा ताप उतरावा म्हणून त्यांनी राखणदाराला नारळ ठेवलाय.

उद्या शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाते आहे. तुला ताप नव्हता, एवढं त्यांना सांगायचंय. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही.

तुला घाबरलेली,
तेरेझा बाई