खालच्या घरांची पाळी

आये,

तू असतीस तर मला भरदुपारी पत्र लिहीत बसलेला बघून म्हणाली असतीस, "कामधंदा नाय काय रं तुला?" आहे ना, कामच आहे, आणि त्या कामानंच जीव थाऱ्यावर नाही. जिझानच्या यार्डात पाण्याचे नवे पंप खोक्यांत तसेच पडून आहेत आणि ते माझ्या एका सहीसाठी अडलेत. बाकीचे जेवायला गेले. मी दोनदा डबा उघडला आणि दोनदा बंद केला. आमटी कुळथाचीच आहे, तरी घास उतरत नाही म्हणजे बघ.

तू गेलीस तेव्हा मी रास तनुराच्या तेल कारखान्यात फिटर होतो. आता सौदीतच, पण इकडे तांबड्या समुद्राच्या काठावर आहे, पलीकडे सीमा आणि सीमेपलीकडे येमेन. काम तुला पटकन कळेल. आपल्या वाडीचं मुंबई मंडळ होतं ना, तसं या आखाती देशांचं एक मंडळ आहे. सगळे मिळून निधी काढतात आणि शेजारच्या देशात रस्ते, दवाखाने, पाणी करून देतात. पण नुसतं देत नाहीत. आधी कारभार सुधारा, मग पुढचा हप्ता. कमिटी निवडून आणा, हिशेब चारचौघांत वाचा, पाणी सगळ्यांना सारखं सोडा. शेजार धड तर आपण धड, असं म्हणतात. शेजाऱ्यावर वचक राहतो तो वेगळाच. अट पाळली की नाही हे बघून सही करायची, ही माझी नोकरी. तुझा पोरगा मंडळाचा माणूस झालाय, हस आता पोटभर.

पलीकडच्या एका गावात पाणी वरच्या आळीला रोज येतं आणि टोकाच्या झोपड्यांना उरलं तर. त्या लोकांच्या पंगतीला बाकीचे बसत नाहीत, एवढं सांगितलं की तुला पुढचं सांगायला नको. अट एकच राहिलीय, झोपड्यांना बरोबरीची पाळी. परवा व्हिडिओ कॉलवर गावच्या कमिटीचा म्हातारा प्रमुख माझ्यावर असा काही ओरडला! मागे सगळी वरची आळी उभी. "तू एसीत बसून आमच्या पाण्याची पाळी ठरवणार? तुझं गाव कुठलं, तू कोण?" माझी कॅम्पातली मोडकी अरबी, मी नुसता मान हलवत राहिलो. आमचा मॅनेजर मल्याळी, माणूस वाईट नाही. म्हणाला, "अरे भाई, टिक मारो, खलास करो. इकामा रिन्यू कराना है ना तुमको?" इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. टिक मारली तर पंप जातील आणि झोपड्या होत्या तशाच कोरड्या राहतील. नाही मारली तर अख्खं गाव, वरचं आणि खालचं, हा उन्हाळा पाण्यावाचून काढील. सांग, काय करायचं माणसानं?

म्हणून सारखी तुझी ती सभा आठवते. दिवाळीनंतर घरटी एक माणूस व्हाळावर जायचा, दगडमाती रचून बांध घालायचा आणि पाटाचं पाणी पाळीपाळीनं वायंगणाच्या भाताला घ्यायचं. पाळ्या तू लावायचीस, कारण तुझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. खालच्या घरांची पाळी शेवटी, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्या वर्षी मंडळानं पाट पक्का बांधून द्यायचं कबूल केलं आणि अट घातली की खालच्या घरांना बरोबरीची पाळी द्या. देवळापुढच्या सभेत तू उभी राहतेस, पदर खोचतेस आणि मंडळाच्या माणसांची सालपटं काढतेस. "मुंबयत बसून आमच्या पाटाची पाळी लावणार काय? या की चिखलात!" सगळी वाडी खूश. शेवटी तूच म्हणतेस, "काय करणार, अडला हरी. पाट हवा तर ऐकायला हवं." आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला उठवून नेतेस, स्वतःच्या हातानं पाटाच्या तोंडचा मातीचा आडोसा फोडतेस आणि पहिलं पाणी खालच्या घरांकडे सोडतेस.

चुलीपुढे मी विचारलं होतं, "एवढी भांडलीस कशाला मग?" तू घावन उलटलंस आणि उलथनंच उगारलंस. "गाढवा, भांडले नसते तर यांनी माजं ऐकलं असतं? माज्या मनात कधीचं व्हतं. पण माज्या तोंडून निघालं असतं तर मलाच वाडीतून काढली असती. वायटपणा घ्यायला लांबचं माणूस बरं."

काल त्या म्हाताऱ्याचा फोन आला. एकटाच होता, आवाज दबका. मला तो मुहंदिस, म्हणजे इंजिनीअर, म्हणतो. "मुहंदिस, मी उद्या परत ओरडेन, तुझ्या बापाचाही उद्धार करीन. तू हलू नको. लिही की अट पुरी नाही, पंप मिळणार नाहीत. मला त्यांना सांगता आलं पाहिजे की माझा नाइलाज झाला." मी विचारलं, "आणि नाहीच ऐकलं त्यांनी तर?" तो म्हणाला, "अल्ला आहे," आणि फोन ठेवला. माझ्या मनाचं समाधान काही झालं नाही. तुझ्या वेळी मंडळाची माणसं रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेली आणि जेवून झोपली, त्यांना तहान नव्हती. मलाही नाही. तहान तिकडच्या पोरांना लागणार.

तरी आत्ता हे पत्र मध्येच ठेवून लिहिलं, आये. "अट अपूर्ण, पंप थांबवावेत." सही केली आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आलो. तो कपाळाला हात लावून बसलाय. त्याआधी, आज सकाळी, म्हातारा ठरल्याप्रमाणे ओरडला, बापाबरोबर तुझाही उद्धार केला. मी मान हलवली. गाव ऐकेल की त्यालाच हाकलून देईल, कोणास ठाऊक. सकाळपासून त्याचा फोन बंद आहे.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, तेव्हा एक कबूल करून टाकतो. त्या सकाळी आडोसा फोडताना तुझे हात थरथरत होते. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, थंडी होती म्हणून. आज सही करताना माझाही हात तसाच हलत होता, आणि इथे थंडी नसते.