कमरेच्या वर

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. सेनगावात आता मी शिकवते, शाळेच्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. तायक्वांदोचा फायदा काय, हे पोरीला वर्गात घालायला आलेला प्रत्येक बाप आधी विचारतो. मी तुमचंच सांगते. अंग हलकं राहतं, भीती मोडते, राज्यापर्यंत खेळली तर पोलीस भरतीत प्रमाणपत्र कामी येतं. आमच्या ओसरीत बसून अप्पांनाही तुम्ही हेच पटवलं होतं, आणि तेवढ्यात दोनदा चहा झाला होता.

औंढ्याच्या स्पर्धेत माझी लाथ समोरचीच्या मांडीवर बसली, गुण गेला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "कमरेखाली पाय जाऊन राहिला काहून? हे भांडण न्हाई, खेळ हाय." मग महिनाभर रोज सकाळी चेस्ट गार्ड घालून तुम्ही स्वतः माझ्यासमोर उभे राहायचात. ती सवय अंगात मुरली. लग्नानंतरची ती सकाळ अजून दिसते. मी भाकरी थापतेय, नवरा मागून केस धरून मला वळवतो, आणि माझा पाय आपोआप त्याच्या छातीकडे जातो. ओट्यापाशी जागा ती केवढी. तो पाय वरच्यावर धरतो आणि पिरगाळतो. तुम्ही भेटायला आलात तेव्हा मी घसरून पडले म्हणाले. तुम्ही प्लॅस्टरकडे बघत बसलात आणि दुसरं काही विचारलं नाहीत. त्याचा मला अजून राग येतो, सर. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.

माहेरी परतल्यावर मी वर्ग घेऊ लागले. सराव संपला की दार लोटून पोरींना गुडघ्यावर मारायला शिकवते. हे मॅटवर चालणार नाही, असं दरवेळी बजावते. पण घाबरलेल्या अंगाला ते कुठलं आठवायला? गेल्या रविवारी हिंगोलीत माझी सगळ्यात चांगली पोरगी कोपऱ्यात रेटली गेली आणि तिने समोरचीच्या गुडघ्यावर लाथ घातली. ती पोर उठलीच नाही. माझी बाद झाली, राज्याची निवड हुकली. हे कोणी शिकवलं, असं पंचांनी मला विचारलं, तेव्हा पोरगी माझ्याकडेच बघत होती.

"आमच्याकडं असं शिकवत न्हाईत," मी म्हणाले.

तिच्या आईलाही मी तेच सांगितलं. आईने तिला सगळ्यांदेखत मारलं आणि पोरगी मुकाट्याने उभी राहिली, हात वर न उचलता. तेव्हापासून ती वर्गाला आलेली नाही. हे सगळं खरं तर तिला लिहायचं होतं, सर. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.