बा, ऋतूच्या तोंडाला लसणाचा वास आला

प्रिय बा,

काल ऋतू कॉलेजातून घरी आली आणि तिच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. लाल चटणीचा, चांगला सणसणीत! हे तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला? तिच्या पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं की." झालं, त्यांचा विषय संपला. माझा संपेना, म्हणून हे लिहायला बसलेय. समोर तुमच्या दाराला कुलूप आहे. तुमच्या लेकाने, भरतभाईंनी, तुमचं सामान हलवलं, झोपाळा तेवढा अजून आत आहे म्हणतात.

तुम्ही आमच्याशी पहिल्यांदा बोललात ते उदबत्तीने, आठवतं? आम्ही परळहून भाईंदरला नवे आलो होतो. रविवारी बोंबील तळले, तर तुम्ही, कट्टर जैन बाई, उंबऱ्यात दोन उदबत्त्या लावल्यात आणि दार धाडकन लावून घेतलंत. मीही काही कमी नव्हते. पुढच्या रविवारी मुद्दाम दार सताड उघडं ठेवून तळले! मग कित्येक महिने मी तुमच्यासाठी नुसती 'सामनेवाली' होते. नाव विचारायलाही तुम्ही तयार नव्हता.

मग ऋतूच्या मानेला गाठ आली. दहावीचं वर्ष, पोरगी अभ्यासाच्या गडबडीत, आम्हाला वाटलं सर्दीने सुजलं असेल. कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि आमच्या घराचा वास तिला सोसेना. फोडणी टाकली की ती तोंड दाबून बाथरूमकडे पळायची. कांदा नको, लसूण नको, पुढे पुढे तर म्हणाली, "आई, तू लांब बस ना, तुझ्या अंगाला वास येतो." पोटच्या पोरीने असं म्हणावं, बा! मी दिवसातून दोनदा डोक्यावरून आंघोळ करायला लागले. तरी वास जाईना.

आणि एका दुपारी ती घरातच नव्हती. जिन्यात बघितलं, गच्चीवर बघितलं. तुमचं दार किलकिलं होतं. ऋतू तुमच्या झोपाळ्यावर गाढ झोपली होती आणि तुम्ही खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत पायाने झोपाळा हलवत होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. "सोने दो," म्हणालात, "हमारे यहाँ उसको वास नहीं आती."

खरंच की! कांदा नाही, लसूण नाही, शिळं काही नाही, पाणीसुद्धा उकळलेलं. डॉक्टरांनी मला जे जे सांगितलं होतं आणि जे मी घाबरत घाबरत पाळत होते, ते तुमच्या घरात आधीपासूनच चाललेलं. तुम्हाला त्यात नवीन काहीच नव्हतं. तुमचा धर्म आणि माझ्या लेकीचं पथ्य एकाच ताटात कसं आलं, कोण जाणे.

त्या दुपारी किती लांब असायच्या! तुम्ही उकळलेलं पाणी परातीत ओतून गार करत ठेवायचात आणि खिडकीतलं आभाळ त्यात हलत राहायचं. खाडीकडून खारट वारा यायचा. झोपाळ्याची कडी एका लयीत वाजायची, तुम्ही तुमचं स्तवन पुटपुटायचात आणि मी दाराला टेकून बसल्या बसल्या पेंगायचे. मुगाचं पाणी, मऊ भात, दिवस मावळायच्या आत ऋतूच्या पोटात काहीतरी जायचं आणि पोटात राहायचं. डॉक्टरांनी विचारलं, "वजन टिकलंय, काय देता?" मी म्हटलं, "शेजारचं."

केस गेले तेव्हा तुम्ही काय केलंत? आम्ही दोघं नवराबायको घरातले आरसे झाकावेत का यावर कुजबुजत होतो. तुम्ही तिच्या डोक्याला खोबरेल लावत म्हणालात, "हमारे महाराजसाहेब तो अपने हाथ से बाल खींचते हैं. तू तो साध्वी लगती है." त्यावर ऋतू म्हणाली, "बा, मला दीक्षा नको हो, मला दहावीचा निकाल पाहिजे!" किती हसलात तुम्ही. कवळी सावरावी लागली तुम्हाला. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं होतं, आणि ते तुमच्या घरात, याचं मला थोडं वाईटही वाटलं. सांगते आता, तुम्ही रागावणार थोड्याच आहात.

आणि मग तुम्ही गेलात. शेवटची केमो झाली होती, शेवटचा स्कॅन व्हायचा होता. थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं? एवढी घाई कसली होती, बा? ऋतूच्या पांढऱ्या पेशी तेव्हा फार कमी होत्या, गर्दीत न्यायची मनाई होती. समोरचंच दार, चार पावलं, पण ती येऊ शकली नाही. खिडकीला नाक लावून खाली जमलेले पांढरे कपडे बघत राहिली. रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "संपलं. आता फक्त तपासणीला यायचं. सगळं खाऊ दे, कॉलेजला जाऊ दे." तिचे पप्पा तिथेच खुर्चीत बसून हमसून रडले. मी नाही रडले. मी घरी आले आणि पाणी उकळायला ठेवलं.

तसंच चालू ठेवलं मी, बा. घरात कांदा आणला नाही. दिवस मावळायच्या आत तिचं ताट. बाटलीत उकळलेलं पाणी, बॅगेत मास्क. कुणी काही म्हटलं की माझं ठरलेलं उत्तर, "बांनी घालून दिलंय." मनातून तुमच्यावर चिडायचेही. तिला जपायला शिकवलंत, पण हे थांबवायचं कधी ते न सांगता निघून गेलात! हा काय न्याय झाला?

मधूनमधून तुम्ही स्वप्नात येता. तुमच्या आणि आमच्या घरामधली भिंतच नसते. तुमचा झोपाळा तुमच्या हॉलमधून निघतो तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि संथ परत जातो. ऋतू त्यावर बसलेली असते, केस लांबसडक. मी प्रत्येक वेळी तिला धरायला हात पुढे करते आणि तुम्ही म्हणता, "रहने दे, हिलने दे." मी जागी होते आणि पुन्हा पाणी उकळते.

तर काल. लसणाचा वास. माझं डोकंच फिरलं.

"कुठे खाल्लंस?"

"स्टेशनबाहेर. वडापाव."

"आणि पाणी?"

"तिथलंच प्यायले."

मी तिच्या कपाळाला हात लावला, गळा चाचपला, थर्मामीटर शोधायला लागले. "तुला कळतंय का काय केलंस ते? आज बा असत्या तर…"

"बांनीच सांगितलेलं मला," ती म्हणाली.

शांतपणे म्हणाली हो! आणि मग तुमच्याच आवाजात, तुमची मान हलवत, "आ मारो धरम छे. तारे माटे तो दवा छे. दवा पूरी थाय एटले बंद."

म्हणजे हे पाळणं तुमचा धर्म, आणि तिच्यासाठी नुसतं औषध. औषध संपलं की बंद. सांगून गेला होतात तर तुम्ही! फक्त मला नाही, तिला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बा म्हणाल्या होत्या, तेरी मम्मी डरेगी. उसको धीरे धीरे छुड़ाना." ती ओट्याला टेकली. आता तिचा आवाज तिचाच होता. "आणि मलापण भीती वाटत होती ना, आई. आज मैत्रिणींचं खाऊन झालं तरी मी वडापाव हातात धरून उभीच. थंडगार झाला. वाटलं, खाल्ला आणि परत आलं तर? मग वाटलं, नाही खाल्ला तरी यायचं तर येईलच. मग खाल्ला." हळूच म्हणाली, "मस्त होता."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, बा. हॉस्पिटलात राहिलेलं सगळं रडले. ऋतू माझ्याजवळ खाली बसली, अगदी चिकटून. आधी माझी समजूत काढली आणि मग तुमचं नाव घेऊन तीही रडली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी घाबरणार नाही, असं वचन मी देत नाही. तुम्हाला ते खरं वाटणार नाही. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिचा गळा चाचपणारच आहे. पण सकाळी मी बाजारातून कांदे आणलेत. तिचे पप्पा मुर्धा गावातल्या ओळखीच्या कोळणीकडून बोंबील आणायला गेलेत. आज आम्ही दिवस मावळल्यावर जेवणार आहोत. उदबत्ती लावायची असेल तर लावा.

आणि एक वचन देते. इतके महिने मी ऋतूला वाढायचे आणि ती जेवेपर्यंत तिचा प्रत्येक घास बघत समोर बसून राहायचे. माझं जेवण नंतर, ओट्याशी उभ्या उभ्या, कसंतरी. आजपासून तसं नाही. आज तिच्या शेजारी माझंही ताट मांडीन आणि तिच्याकडे न बघता जेवीन.

तुमची सामनेवाली,
रेखा