पाचव्या पिचरची जागा

फ्लोरिडा,
१८ नोव्हेंबर १९७४

ती. टिलीताईस,
लिओचा सा. न. वि. वि.

इथे ऊन आहे आणि मी बनियनवर बसून लिहितोय. तुझा जळफळाट व्हावा म्हणून हे आधी सांगितलं. मनगटाचं प्लास्टर निघालं आणि तुझं अक्षर पुन्हा सरळ आलं, हे छान झालं. डाव्या हाताने लिहिलेली ती चिठ्ठी वाचायला मला शेजाऱ्याला बोलवावं लागलं होतं.

आता माझं रडगाणं. बेसबॉलच्या गेल्या हंगामात सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकायला माझ्या संघात पाच पिचर होते. आज एकही नाही. दोघांना वरच्या संघाने उचललं. तिसऱ्याने सासऱ्याच्या डेअरीत बस्तान बसवलं. चौथ्याचा खांदा गेला. पाचवा तुझ्या माडीवर राहणारा वेंडेल, त्याला मी सप्टेंबरात संघातून मोकळं केलं. ऑगस्टमध्ये चर्चच्या पायऱ्यांवर तू सांगितलंस ना, की हा हल्ली उजवा हात मांडीवर ठेवतो आणि डाव्या हाताने जेवतो? तेव्हाच मी ओळखलं, कोपर दुखतंय आणि पठ्ठ्या लपवतोय. संघातली पोरं उन्हाळाभर बेलफोर्डच्या ज्या घरांत राहतात, तिथल्या बायकांकडून मला जे कळतं ते मैदानावर कधी कळत नाही. त्यात तुझी नजर म्हणजे काय, विचारायलाच नको.

तीन नवे मिळालेत, चौथ्याशी बोलणं चालू आहे. तेव्हा माडीवरची खोली झाडून ठेव.

तुझ्या मायेवरच आमचं चाललंय, ती पातळ करू नकोस.
तुझा,
लिओ

बेलफोर्ड, आयोवा,
२२ डिसेंबर १९७४

चि. लिओस,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या कुकीज वेगळ्या पाठवल्या आहेत. सगळ्या एकट्याने खाऊ नकोस. हे पत्र मात्र गोड नाही.

काल केंटकीहून वेंडेलच्या आईचं नाताळचं कार्ड आलं. मी त्या बाईंना कधी पाहिलेलं नाही. मनगट कसं आहे, अशी आधी चौकशी केली आहे. मग लिहितात, पोरगा घरी आला तो डाव्या हातानेच जेवायला बसला. का रे बाबा, म्हणून विचारलं तर हसत सुटला. म्हणाला, मिस टिलींचा हात मोडला, डाव्या हाताने सूप सांडायला लागलं, तशा त्या लाजून ताट घेऊन स्वयंपाकघरात एकट्या जेवायला लागल्या. मग मीही डाव्या हाताने खायला लागलो आणि त्यांच्यापेक्षा जास्त सांडलं. चौथ्या दिवशी त्या टेबलावर परत आल्या. तेव्हापासून सवयच लागली.

लिओ, मी खरंच चौथ्या दिवशी परत गेले होते. त्याच्या शर्टावर टोमॅटोचे डाग पाहून इतकी हसले होते की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच रविवारी चर्चबाहेर तू नेहमीसारखं विचारलंस, पोरं कशी आहेत, आणि मी शहाण्यासारखी तुला ते सांगितलं.

शाळेत सिस्टर लुडमिला डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलींच्या बोटांवर पट्टी मारायच्या. त्या वेळी मी शेजारच्या बाकावर मान खाली घालून बसायचे. आपण कधी कुणाचं नाव सिस्टरना सांगितलं नाही, याचा मला आयुष्यभर अभिमान होता.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादर केसलरनी सगळं ऐकून घेतलं, तीन प्रार्थना सांगितल्या आणि वर विचारलं, मग पाचवा पिचर म्हणून लिओ कुणाला घेतोय? हसू नकोस. त्यांचा प्रश्न तोच माझाही आहे. त्याला परत बोलाव.

तुझं कल्याण चिंतणारी,
टिली

फ्लोरिडा,
३ जानेवारी १९७५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुकीजचा चुरा झाला होता. चमच्याने खाल्ल्या, उजव्या हाताने. रागावू नकोस, तुला थोडं हसवावं म्हणून लिहिलं.

नाताळच्या कार्डांवर मला संघ बांधता येत नाही. शिवाय एकट्या तुझ्या सांगण्यावरून मी त्याला काढलं असं समजू नकोस. शेवटच्या पाच सामन्यांत त्याच्या चेंडूचा वेग कमी झाला होता. कोपर दुखत असेल किंवा नुसता थकला असेल. मी त्याला विचारलं नाही, हेही खरं. तुझं ऐकलं आणि माझ्या मनाने निकाल दिला. दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळा झालो. हे लिहिताना काही फार बरं वाटत नाही.

चौथ्याने सही केली. पाचवी जागा रिकामी आहे. तू वेंडेलला सरळ विचार, कोपर कसं आहे. मला ही पोरं मरेपर्यंत ठणठणीत असल्याचं सांगतात. तुझ्याशी तो खोटं बोलणार नाही. तू हो म्हणालीस तर जागा त्याची. पंधरा फेब्रुवारीच्या आत कळव.

आहे तशीच राहा, म्हणजे मला धीर राहील.
लिओ

बेलफोर्ड,
१० जानेवारी १९७५

चि. वेंडेल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांचं कार्ड मी खिडकीत लावलंय.

बाळा, तुला संघातून का काढलं हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू डाव्या हाताने जेवतोस असं मी माझ्या भावाला सांगितलं. तू ते कुणासाठी करत होतास हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तू निघालास त्या सकाळी तुला का काढलं ते मला माहीत होतं, तरी मी हसऱ्या तोंडाने तुला बसमध्ये खायला सँडविच बांधून दिली. तू मला मिठी मारून थँक यू म्हणालास. ते मला घासागणिक आठवतं.

लिओकडे एक जागा आहे. तुझं कोपर कसं आहे ते मला खरं खरं कळव. चांगलं असेल तर जागा तुझी.

क्षमा कर असं लिहायची हिंमत नाही. पत्र मात्र लिही.
टिली ब्रँट

केंटकी,
२४ जानेवारी १९७५

मिस टिली यांस,
वेंडेलचा नमस्कार.

माझं स्पेलिंग चुकतं, तेव्हा आईला शेजारी बसवून लिहितोय. आता ती उठून गेली आहे.

तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत. माझं कोपर जूनपासूनच दुखत होतं. मी सगळ्यांपासून लपवलं. तुम्ही पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत आणि सांगितलंत तेही बरोबर. सूप मी तुमच्यासाठी सांडलं खरं, पण उजव्या हाताला आरामही मिळत होता. तेव्हा तुमची काही चूक नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा.

इथे लाकडाच्या वखारीत काम मिळालंय. संध्याकाळी धाकट्या भावाला कोठाराशी उभा करून चेंडू टाकतो. माझे चेंडू झेलून त्याचा तळहात सुजला म्हणून आईने परवा आम्हा दोघांना झापलं.

सँडविच फार छान होती. अर्धी मी बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याला दिली, तोही तसंच म्हणाला.

तुमची माया विसरणार नाही.
वेंडेल हॅस्किन्स

बेलफोर्ड,
५ फेब्रुवारी १९७५

चि. लिओस,
अनेक आशीर्वाद.

वेंडेलचं पत्र आलं. कोपराबद्दल त्याने लिहिलंय, पण काय ते मी तुला सांगणार नाही. दोन दिवस ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की आता पाठ झालंय. आधी वाटलं, सुटले. मग शेवटी त्याने धाकट्या भावाबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचलं आणि वाटलं, नाही. एका म्हाताऱ्या बाईला लाज वाटू नये म्हणून जो मुलगा स्वतःचा शर्ट खराब करतो, तो तिच्यासाठी आणखीही काही करेल. किंवा त्याने अगदी खरं लिहिलं असेल. मला ओळखता येत नाही. माझ्या नजरेची तू फार तारीफ करतोस, म्हणून तुला हे कळवते.

त्याला मी बसचं तिकीट पाठवलंय. आधी नको म्हणाला. मग मी त्याच्या आईला फोन केला. दोघी मिळून फार रडलो आणि त्याला जायला लावायचं ठरवलं. सतरा तारखेला तो तुझ्याकडे पोचेल. तोवर पाचवी जागा कुणाला देऊ नकोस. एवढं तरी तू माझं ऐकशील.

त्याला मैदानावर उभा कर, शंभर चेंडू टाकायला लाव आणि स्वतः जाळीमागे उभा राहून बघ. दुखतंय का, ते त्यालाच विचार. पुढच्या उन्हाळ्यात माडीवर कुणीही राहो, जेवणाच्या टेबलावर कोण कसं बसलं ते मला पुन्हा कधी विचारू नकोस.

आणि हात चांगला नसेल, तर घरी जा म्हणून त्याच्या तोंडावर सांग. मागच्या वेळी ते आपल्या दोघांनाही जमलं नाही.

तुझीच,
टिली