आईची उन्हातली जागा

६ मार्च
चि. चिमणीस, अ. उ. आ.
तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. अर्धांगाच्या झटक्याने बोलणं गेलं, पण कान शाबूत आहेत. तुझं नाव घेतलं की डोळे हलतात. सकाळी तिला चाकांच्या खुर्चीतून लॉनवर उन्हात नेतो. तेवढाच तिचा दिवस.
पण लॉनमध्ये लाल मुंग्यांनी ठाण मांडलंय. मातीच्या ढिगाला जरा पाय लागला की शेकड्यांनी चढतात आणि विस्तव ठेवल्यासारखं चावतात. उकळतं पाणी ओतलं, तर दोन हातांवर नवा ढीग. शेजारच्या शिंप्याने रॉकेल सुचवलं. गवत मेलं, मुंग्या मजेत.
आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू दे.
बाबा

१४ मार्च
ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.
पाणी आणि रॉकेल आजच बंद करा. राणी खोल बसते. वरून त्रास झाला की बिऱ्हाड हलवते. आमच्या रोपवाटिकेतले विषारी आमिषाचे दाणे पाठवते आहे. गवत कोरडं असताना सगळ्या लॉनवर विरळ पेरा. ढीग उकरू नका. मुंग्या स्वतःच दाणे आत नेऊन राणीला भरवतात, पण त्याला काही आठवडे लागतात. शिंप्यालाही पेरायला लावा, नाहीतर त्याच्याकडून परत येतील. तोवर आईला बाहेर नेऊ नका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत, तेवढा धीर इथेही धरा.
लोभ असू द्या, आणि थोडं ऐका.
चिमणी

२ एप्रिल
चिमणे,
आई काल दवाखान्यातून घरी आली. जिवावरचं टळलं.
दाणे पेरले होते. आठवड्याभरात ढीग निपचित दिसायला लागले. आई सारखी दाराकडे बघायची, मला ते बघवेना. एका जागी पाय आपटून पाहिला, काही निघालं नाही. तिथे खुर्ची लावली आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेलो.
परत आलो तर तिचे पाय गुडघ्यांपर्यंत मुंग्यांनी भरले होते. तिला ओरडता येत नाही. ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी हातांनीच झटकल्या. तिचा श्वास अडकायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती.
पुढे लिहवत नाही.
बाबा

११ एप्रिल
ती. बाबांस, सा. न.
तुमचा फार राग आला, म्हणून लगेच लिहिलं नाही. मग लक्षात आलं, तुम्ही उघड्या हातांनी झटकत होता, आणि हातांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. कसे आहेत? रजा मिळाली की निघते.
दोघांनाही माझी माया.
चिमणी

२० मे
चि. चिमणीस, अ. उ. आ.
हात बरे आहेत. शिंप्यानेही दाणे पेरले. आता एकही ढीग नाही. मी अनवाणी सगळीकडे फिरून पाहिलं.
आईचे फोड वाळले, म्हणून काल खुर्ची दारापर्यंत नेली. तिने डाव्या हाताने चौकट धरली. मला वाटलं, आधार घेतेय. पुढे ढकलली तशी पकड घट्ट झाली, बोटं पांढरी पडली. बाहेर आता काही नाही, असं किती वेळा सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. मग मी खुर्ची मागे घेतली.
हल्ली खिडकीतून येईल तेवढंच ऊन तिच्या मांडीवर पडतं. ते सरकलं की मी खुर्ची सरकवतो.
तुझा लोभ राहू दे. आलीस की आधी तिच्याजवळ बस.
बाबा